बाबांचा डबा आणि माझे रोही

मी पीएचडीसाठी रोही मोजते. पुस्तकात त्याला नीलगाय म्हणतात. आमच्या केनवडच्या शिवारात रोहीच म्हणतात, आणि पिकं फस्त करतो म्हणून पुढे एखादी शिवी जोडतात. हिवाळ्यात सकाळी ठरलेल्या धुऱ्यांवरून, म्हणजे शेतांच्या बांधांवरून, चालायचं, रोही दिसला की तो धुऱ्यापासून किती लांब आहे ते लिहायचं, आणि दिसलेल्यांवरून न दिसलेल्यांचा अंदाज बांधायचा, असं हे शास्त्र. त्याच्या परिषदा भरतात हे आईला अजून खरं वाटत नाही. "एवढे शिकलेले लोक जनावरं मोजतेत?" असं ती दरवेळी विचारते.

पहिल्या परिषदेला मी नवा ड्रेस शिवून गेले होते. बोलायला बारा मिनिटं. तिसऱ्या स्लाइडवर आमच्या पद्धतीचा मुख्य नियम होता: मोजणारा पोचण्याआधी प्राणी जागचा हललेला नसावा. तो मी अशा ऐटीत वाचला की जणू रोह्यांनी मला तसं लेखी दिलंय. शेवटी पहिल्या रांगेतल्या पांढऱ्या केसांच्या एक प्राध्यापिका उठल्या. तुमच्या आलेखात धुऱ्याजवळ जवळपास कुणीच नाही, सगळे प्राणी लांब, असं कसं? कोणी त्यांना आधीच हुसकावतं का?

"नाही, आमचे रोही लाजाळू आहेत," मी म्हटलं. सभागृह हसलं, मीही हसले. केनवडच्या पारावर हे वाक्य बोलले असते तर लोकांनी हात धरून मला घरी पोचवलं असतं.

घरी गेल्यावर जेवताना हा किस्सा मी रंगवून सांगितला. बाबा हसले नाहीत. भाकर चुरत म्हणाले, "बाई बरोबर बोलली. तू निंगाच्या आधी मी रोज धुऱ्यानं डबा वाजवून येत होतो."

"काहून पण, बाबा?"

"काहून म्हंजे? तू वहीत मुंडी घालून चालतं. रोही अंगावर आला असता त?"

दोन हिवाळ्यांची मोजणी, प्रबंधाचं अख्खं प्रकरण, आणि ते उधळलं तेलाच्या रिकाम्या डब्यानं! मी ताटावरून उठले. इतका राग आला होता की बाबांशी दोन दिवस बोलले नाही. तिसऱ्या दिवशी ते दारात येऊन उभे राहिले. "आता पीएचडी भेटत नायी काय मंग?" त्यांचा चेहरा बघून राग कुठल्या कुठे गेला.

गाईड म्हणाले, पुन्हा मोज, नाहीतर प्रकरण काढून टाक. हातात एकच हिवाळा होता. मी बाबांना बजावलं, मी सांगेपर्यंत डबा वाजवायचा नाही, कोणत्याच वेळी. ते फक्त "बरं" म्हणाले आणि डबा माळ्यावर टाकून आले.

त्या हिवाळ्यात मी परतेपर्यंत बाबा ओट्यावर बसून असायचे. आई सांगायची, यांचा चहा पार थंड होतो पण कपाला हात लागत नाही. मी दिसले की लांबूनच विचारायचे, "दिसले काय?"

"अकरा! आपल्याच हरभऱ्यात."

"बरं झालं," ते म्हणायचे. तोंड मात्र कारलं खाल्ल्यासारखं.

शेवटच्या सकाळी मी वही बॅगेत कोंबली आणि धावतपळत वाशिमची बस पकडली, कारण दुसरी परिषद पंधरा दिवसांवर आली होती. या खेपेला मी पहिल्याच स्लाइडवर डब्याचा फोटो लावला आणि आमची चूक सगळ्यांसमोर सांगून टाकली. त्याच प्राध्यापिका पुन्हा उठल्या. यंदा डबा वाजला नाही, हे कशावरून?

मी शेवटचा फोटो दाखवला. धुऱ्यालगतचा आमचा हरभरा, बुडापासून खाल्लेला. त्यांनी तो निरखून पाहिला आणि होकारार्थी मान डोलावून बसल्या. माझं प्रकरण बचावलं होतं.

बाहेर येऊन मी घरी फोन लावला.

"त्या बाईले पटलं काय?" बाबांनी विचारलं.

"पटलं, बाबा!"

"मंग आता डबा खाली काढू काय? आज बी सात-आठ आले हायेत वावरात."

मोजणी संपून पंधरा दिवस झाले होते. त्यांना तेवढं सांगायचं माझं राहूनच गेलं होतं.