मामंजींचं पिंप आणि दोन दिवसांचं ऊन

चादर अर्धी पिळून झाली होती, तेवढ्यात उत्सव समितीच्या बाई फाटकातून आत आल्या. चादर डबलबेडची, जुनी, पाणी प्यायलेली. एक टोक माझ्या हातात, दुसरं मामंजींच्या.

मामंजी म्हणजे माझे सासरे. वय चौऱ्याहत्तर. उभा जन्म लाकडी पिंपं करण्यात गेला. आमच्या जुन्या शहराभोवती द्राक्षांचे मळे, शहराखाली वाइनची दगडी तळघरं, आणि त्या तळघरांतल्या निम्म्या पिंपांवर मामंजींचा शिक्का. गेल्या हिवाळ्यात खालच्या गल्लीतली त्यांची कार्यशाळा बंद झाली आणि ते हत्यारांसकट आमच्या अंगणात आले. तेव्हापासून रिकामे बसवत नाही म्हणून मला घरकामात मदत करतात. ती मदत कशी असते ते आता चादरीवरून कळेलच.

समितीच्या बाई निवृत्त मुख्याध्यापिका. समोर एकच माणूस असला तरी अख्ख्या वर्गाशी बोलतात.

"काका, यंदा वसंतोत्सवाचं पहिलं पिंप आपण जरा वेगळ्या पद्धतीनं आणणार आहोत. फायबरचं, हलकं. बेकरीवाले ढकलतील. तुम्ही व्यासपीठावर. तुमच्यासाठी मानाची खुर्ची ठेवलीय. मखमली."

दर वसंतात वरच्या वेशीपासून चौकातल्या कारंज्यापर्यंत एक रिकामं पिंप घरंगळत आणतात. ते कारंज्यापाशी पोचलं की मग बँड, मग चित्रांची प्रदर्शनं, मग तळघरांची दारं उघडणं. गेली एकतीस वर्षं ते पिंप मामंजीच आणत होते.

मामंजी नुसते आपलं टोक पिळत राहिले. चादरीतलं पाणी केव्हाच संपलं होतं. मी म्हटलं, "मामंजी, पुरे." ते पिळतच होते. त्यांच्या मनगटांत लोखंडी पट्टी आवळायची सवय मुरलेली. चादर मधोमध फर्रकन फाटली आणि मी बादलीत बसले.

"खुर्चीला हात आहेत का?" मामंजींनी विचारलं.

"आहेत ना, छान गुबगुबीत."

"मग नको. हात असलेल्या खुर्चीत बसलेला म्हातारा उठत नाही. आधी खुर्ची, मग शाल, मग फोटो, मग फोटोला हार. मी क्रम पाहिलाय."

शेवटी ठरलं ते असं. मामंजी नवं पिंप करणार. ते कारंज्यापर्यंत अख्खं पोचलं, तर अंगात ताकद आहे तोवर पहिलं पिंप त्यांचंच. वाटेत फुटलं, तर मखमली खुर्ची. बाई म्हणाल्या, लेखी हवं. मामंजी म्हणाले, "सूनबाईच्या वहीत लिहा. ती देवाला घाबरून लिहिते, खोटं निघायचं नाही." तेव्हा माझ्या रोजच्या वहीत 'दूध अर्धा लिटर जास्त घेतलं' याच्या खाली आणि 'संध्याकाळचं स्तोत्र दोनदा म्हटलं' याच्या वर तो करार आहे. दोघांच्या सह्यांसकट.

बाई गेल्यावर मी बादलीतून उठले आणि चादरीला ठिगळ लावलं. घरात ह्यांचा एक जुना पायजमा होता, निळ्या पट्ट्यांचा. त्याचा गुडघ्यापासून वरचा भाग बेतला. नाडीची जागा तेवढी राहिली. म्हटलं, चादर घरातच तर वापरायची.

मामंजींविषयी थोडं सांगायला हवं. ह्या माणसानं आयुष्यात दारूचा थेंब घेतलेला नाही. तत्त्व वगैरे काही नाही, त्यांना नुसत्या वासानं उचकी लागते. "मी भांडं करतो, आतलं ज्याचं त्यानं बघावं," असं म्हणतात. मी देवाधर्माची बाई, असा सासरा मिळाला ही मोठी कृपाच. दुसरी सवय म्हणजे दिसेल त्या वस्तूवर बोटांच्या पेरांनी ठोकून बघायचं. दारं, कलिंगडं, कणकेचा डबा. लग्नाच्या बोलणीत माझ्या वडिलांच्या ट्रंकेवर ठोकून म्हणाले होते, "वरची फळी नवी दिसते." वडील आठ दिवस बोलले नव्हते. ह्यांच्या पोटावर तर दर रविवारी ठोकतात आणि मान हलवतात. "भरत आलंय."

माणसांनाही त्यांची मापं पिंपाचीच. समितीच्या बाई म्हणजे 'बांधा चांगला, पण बूच घट्ट बसत नाही.' मी म्हणजे 'साधं लाकूड, गळत नाही.' हे कौतुक आहे असं ह्यांनी मला समजावून सांगितलं.

तर पिंप झालं. अंगणात जाळ करून फळ्या वाकवल्या, पट्ट्या ठोकल्या. उत्सवाला तीन दिवस होते. मामंजींनी नळाची नळी लावून ते काठोकाठ पाण्यानं भरलं, बूच मारलं, आणि वाकले ते वाकलेच. कंबर धरली. ह्यांनी आणि मी त्यांना धरून खोलीत आणलं. डॉक्टर म्हणाले, दोन-तीन दिवस पाठ टेकून पडा.

आता माझी बाजू. कार्यशाळा खालच्या गल्लीत होती, तिथे तळघरांतून येणाऱ्या दारूच्या वासात मी बावीस वर्षांत पाऊल टाकलं नव्हतं. पिंपात पाणी कशाला भरतात हे मला कोण सांगणार? मला वाटलं, धुवायला भरलंय आणि कंबर धरल्यामुळे उपसायचं राहिलं. दुसऱ्या दिवशी पाण्याला लाकडाचा आंबूस वास, वर चिलटं. उत्सवाचं पिंप, शुभकार्याची वस्तू, आणि ही अवस्था? मी बूच काढलं. पाणी बादली-बादलीनं सगळ्या झाडांना घातलं. एवढं पाणी वाया गेलं नाही म्हणून देवाचे आभार मानले. मग पिंप लोटत दक्षिणेच्या भिंतीपाशी नेलं, खडखडीत उन्हात, आणि कोरड्या फडक्यानं चहूबाजूंनी पुसलं.

मामंजी अंथरुणातून विचारायचे, "सूनबाई, पिंपाकडे लक्ष आहे ना?"

"आहे तर. सकाळ-संध्याकाळ पुसते."

"पुसावं लागतंय? येईल थोडं बाहेर सुरुवातीला. काळजी नको."

काय बाहेर येईल ते मी विचारलं नाही. आजारी माणसाला फार बोलायला लावू नये.

दोन दिवस पिंपानं ऊन खाल्लं. आदल्या संध्याकाळी बँडवाले हातगाडी घेऊन आले. मी पिंपाला फुलांच्या माळा बांधल्या, वर धूळ बसू नये म्हणून ती ठिगळाची चादर घातली. पिंप वेशीवर गेलं.

उत्सवाच्या सकाळी मामंजी कमरेला पट्टा बांधून चालत निघाले. मी आणि हे मागे. वेशीवर हा गर्दीचा लोंढा. कोपऱ्यात बेकरीवाला उभा होता, चेहरा उतरलेला. त्याच्या अंगावर द्राक्षाच्या घडाचा पोशाख. जांभळे फुगे, गळ्यापासून मांड्यांपर्यंत, आणि डोक्यावर हिरवं पान. फायबरचं पिंप त्याच्या शेजारी तयार ठेवलं होतं, न जाणो लागलं तर.

"काका," तो मामंजींना हळूच म्हणाला, "तुमचं पिंप नीट जाऊ दे हो. मला ह्या वेशात अख्ख्या गावातून धावायला लावणार आहेत. सासुरवाडीची माणसं आलीत बघायला."

मामंजींनी चादर बाजूला केली आणि सवयीनं पिंपावर ठोकलं. ठाक. पुन्हा ठोकलं. ठाक. एक फळी चक्क हलली. मामंजी माझ्याकडे वळले.

"सूनबाई. यातलं पाणी?"

"झाडांना घातलं."

"कधी?"

"परवा सकाळी. मग उन्हात ठेवलं."

"उन्हात," मामंजी म्हणाले.

"दक्षिणेच्या भिंतीला," मी म्हटलं. लपवून काय करणार.

मामंजी वेशीच्या पायरीवर बसले. रागावले असते तर बरं झालं असतं. अगदी हळू आवाजात त्यांनी मला सांगितलं की लाकूड पाणी पितं, फुगतं, तेव्हा फळ्या एकमेकींना धरतात. पाणी निघायच्या दिवशी पहाटे काढायचं असतं. वाळलं की फळ्या आकसतात, पट्ट्या सैल पडतात. "हे आता पिंप नाही," ते म्हणाले, "ही नुसती फळ्यांची ओळखपरेड आहे."

माझ्या तोंडचं पाणी पळालं. मी देवाचं नाव घ्यायला लागले. ह्यांनी मात्र विचारलं, "आता काही करता येईल का?"

"गरम पाणी," मामंजी म्हणाले. "भरपूर. गरम पाण्यानं लाकूड लवकर फुगतं. पूर्ण नाही, निम्मं तरी."

"किती गरम?" बेकरीवाल्यानं विचारलं आणि उत्तराची वाट न बघता पळाला. त्याची भट्टी वेशीपासून चौथ्या दारात. जांभळा घड दोन बादल्या घेऊन वाफाळत येतो आणि जातो, फुगे एकेक फुटतात, आणि लोक टाळ्या वाजवतात, असं अर्धा तास चाललं. समितीच्या बाईंनी विचारलं, हे काय? मी म्हटलं, "पिंपाला अंघोळ." हे खोटं नव्हतं. बाईंनी लगेच माइकवरून सांगितलं की यंदा नवीन उपक्रम म्हणून पिंपाची मंगल अंघोळ होत आहे. बँडला तेच गाणं पुन्हा वाजवायला लावलं.

मामंजींनी लाकडी हातोड्यानं पट्ट्या खाली ठोकल्या. पुन्हा पेरांनी वाजवून पाहिलं. "अजून सैल आहे. वरून काहीतरी आवळायला हवं."

सगळ्यांची नजर चादरीवर गेली.

चादर बादलीत बुडवली, पिंपाच्या पोटावरून गुंडाळली. एक टोक मामंजींनी धरलं, एक मी. "पीळ," मामंजी म्हणाले. मी पिळलं. जन्मात एवढं पिळलं नाही. "आणखी." शेवटी गाठ मारून टोक आत खोचलं. आतलं पाणी सोडून दिलं, आणि पिंप निघालं.

उतार मोठा नाही, पण रस्ता दगडी. मामंजी मागून दोन्ही तळवे लावून, पट्टा कमरेला, श्वास मोजत. पिंप गोल फिरलं की चादरीचं ठिगळ वर यायचं, नाडीच्या जागेसकट. पहिल्या वळणावर कोणीतरी म्हणालं, "पायजमा." दुसऱ्या फेरीला दहा जण म्हणाले. तांदळाच्या दुकानापाशी येईपर्यंत दोन्ही बाजूंचे लोक एका सुरात मोजत होते, "पायजमा, पायजमा," आणि बँडवाल्यानं ढोल त्यावर जुळवून घेतला होता.

हे माझ्या कानाशी म्हणाले, "माझा आहे हे कुणाला कळणार नाही ना?"

तेवढ्यात गॅलरीतून आमच्या शेजारीणबाई ओरडल्या, "अगंबाई, हा तर तुमच्या ह्यांचा." ह्यांनी रुमाल तोंडाला लावला आणि पुढचा सगळा रस्ता सर्दी झाल्यासारखे चालले.

पिंप कारंज्याच्या कठड्याला टेकलं. अख्खं. मी डोळे मिटून हात जोडले. उघडले तर मामंजी पिंपापासून हललेच नव्हते. दोन्ही हातांची मिठी मारून, एक गुडघा लावून उभे. चादरीची गाठ सुटली होती.

बाईंनी भाषणं सुरू केली. नगराध्यक्ष बोलले, तळघरांच्या मालकांचे प्रतिनिधी बोलले, एका चित्रकारानं वसंत म्हणजे काय ते सांगितलं, बराच वेळ. मधे दोन स्वयंसेवक ती मखमली खुर्ची घेऊन मामंजींपाशी आले.

"काका, बसा ना."

"नको. बरा आहे."

"थकला असाल."

"पिंपाला सोडवत नाही," मामंजी म्हणाले. हे तर शब्दशः खरं होतं. सोडलं असतं तर तिथेच विखुरलं असतं.

चाळीस मिनिटं चौऱ्याहत्तर वर्षांचा माणूस ओल्या पिंपाला कवटाळून उन्हात उभा. लोक हळूहळू भाषणं सोडून त्यांच्याकडेच बघायला लागले. समितीच्या बाईंनी चष्मा काढून पुसला. माइकवर म्हणाल्या, "ज्याचं आपल्या कामावर एवढं प्रेम आहे, त्याला खुर्चीत बसवण्याचा विचार माझ्या मनात आला याची मला लाज वाटते. पुढल्या वर्षीही पिंप काकाच आणतील." टाळ्या झाल्या. खुर्चीत नगराध्यक्ष बसले.

मग बँड निघाला, गर्दी प्रदर्शनांकडे पांगली. कारंज्यापाशी मामंजी, मी, हे आणि बेकरीवाला उरलो. त्याच्या अंगावर आता मोजून तीन द्राक्षं शिल्लक.

"गेले का सगळे?" मामंजींनी विचारलं.

"गेले."

मामंजींनी हात काढले. पट्ट्या खणखणत खाली आल्या आणि सगळ्या फळ्या चहूकडे पसरल्या. मधे माझी चादर.

बेकरीवाला बघत राहिला. त्यानं बाईंना जाऊन सांगितलं असतं तर? पण तो खाली बसला आणि फळ्या गोळा करायला लागला. "काका," म्हणाला, "पुढल्या वर्षी पाणी मीच तापवून ठेवतो. लागलं तर. न लागलं तरी."

मी घरी आल्यावर वही उघडून तो करार पुन्हा वाचला. 'कारंज्यापर्यंत अख्खं' एवढंच लिहिलं आहे, कारंज्यानंतरचं काही नाही. तरी मनाला टोचत होतं, म्हणून संध्याकाळी देवासमोर सगळं सांगून टाकलं. मामंजी दारातून ऐकत होते. म्हणाले, "त्यालाही सांग, लाकूड उन्हात ठेवू नये." मग माझ्या पाठीवर, आयुष्यात पहिल्यांदा, पेरांनी दोनदा ठोकलं. "साधं लाकूड," म्हणाले. "पण अक्कल भरताना बूच काढायचं राहिलं."

आज सकाळी त्यांनी फळ्या अंगणात क्रमानं मांडल्या आहेत आणि दक्षिणेच्या भिंतीवर खडूनं मोठी फुली मारली आहे. चादर वाळते आहे. हे तिच्याकडे बघत नाहीत. आता वही मिटते. बेकरीवाल्याच्या दोन बादल्या परत द्यायला जायचं आहे.