हेस्टरचा भाऊ

नीलांबरी लग्न होऊन नागपूरहून अमेरिकेतल्या स्टेट कॉलेज या गावी आली, तेव्हा तिच्या व्हिसावर नोकरी करायला बंदी होती. नवरा त्र्यंबक दिवसभर लॅबमध्ये. घरात बसून जीव आंबला, तशी २००४च्या जानेवारीत ती ग्रंथालयात बिनपगारी काम करू लागली. अमेरिकेतलं यादवी युद्ध संपल्यानंतरची वर्तमानपत्रं मायक्रोफिल्मवर वाचायची आणि गुलामीतून सुटलेल्या माणसांनी आपल्या हरवलेल्या नातेवाइकांसाठी दिलेल्या जाहिराती उतरवून घ्यायच्या. देश पुन्हा एक झाला होता, पण विकली गेलेली माणसं आपल्या ताटातूट झालेल्या माणसांना शोधतच होती.

वॉल्टर गेन्स हे निवृत्त पोस्टमन दर मंगळवारी तिथं येत. त्यांचे आजोबा आयझॅक यांनी १८६७ साली बहीण हेस्टरसाठी जाहिरात दिली होती. आईचं नाव डायना, आणि खेचराच्या लाथेनं आपली डावी भुवई फाटलेली, एवढीच खूण. हेस्टर सापडली नव्हती.

मार्चमध्ये ओहायोचं १८७१चं एक वर्तमानपत्र वाचताना नीलांबरीचा हात थांबला. 'भाऊ आयझॅकला शोधते आहे. आई डायना. खेचरानं भुवई फोडलेली.' आडनाव निराळं, नवऱ्याचं. खाली नाव हेस्टरचं.

तिनं कोटही न घालता बाहेर धाव घेतली आणि गेन्सना फोन लावला. ते वीस मिनिटांत आले.

"पुन्हा वाच," ते म्हणाले.

तिनं तीनदा वाचलं.

"उत्तर डेटनच्या चर्चमध्ये पाठवा, असं लिहिलंय," ती म्हणाली. "ते चर्च अजून असेल का?"

चर्च होतं. दोघांनी तिथं पत्र पाठवलं. मग सहा आठवडे काहीच कळेना. नीलांबरीला जेवण गोड लागेना. त्र्यंबक म्हणाला, "यार, तुझं सख्खं कुणी हरवलंय का?"

"आता तसंच झालंय," ती म्हणाली.

मे महिन्यात चर्चचं उत्तर आलं, आणि पाठोपाठ डेटनहून एक व्हॅन आली. अकरा माणसं, आणि पुढं हेस्टरची नात बर्निस, सत्त्याहत्तर वर्षांची. भावाबहिणीची भेट शेवटपर्यंत झालीच नव्हती, पण त्यांची नातवंडं ग्रंथालयाच्या पायऱ्यांवर एकमेकांचे हात धरून नुसती बघत राहिली. मग बर्निस म्हणाल्या, "आयझॅकची कबर कुठं आहे? आधी तिकडं जाऊ."

व्हॅनमध्ये तसूभर जागा नव्हती. तरी बर्निसनी नीलांबरीचं मनगट धरून तिला आत ओढलं, आणि डेटनच्या दोन मुली खिदळत तिच्यासाठी सरकून बसल्या.