डावा कान

सुरतेत आमच्या कारखान्यात ॲसिडची टाकी उघडली, की त्या वासानं माझी बोटं अजून आपोआप मुठीत मिटतात.

सातवीत शाळा सोडलेल्या मला अत्तारचाचांनी कोल्हापुरात एका दैनिकाच्या छापखान्यात चिकटवलं होतं. ते त्याच दैनिकात रोज एका पैलवानाची चित्रपट्टी काढायचे. मी तिचा फोटो जस्तावर उतरवून, ॲसिडनं खोदून छपाईचा ठोकळा करायचो. त्यांच्या पैलवानाचा डावा कान कुस्तीत मोडलेला असे. एकदा पट्टीत शब्दच नव्हते, त्यामुळं मी चुकून निगेटिव्ह उलटी लावली आणि चित्राची डावी-उजवी बाजू बदलली ते कुणाला कळलं नाही. पेपरात पैलवान चीत पडलेला, आणि मोडका कान उजवा.

जवळच्या तालमीतल्या वस्तादांचा उजवाच कान मोडका होता. दुपारी त्यांचे चार पठ्ठे आत घुसले.

"आमच्या वस्तादाला चीत करतोस व्हय रं?"

मी ॲसिडच्या टाकीआड सरकलो. चाचा म्हणाले, "चित्र माझं हाय. त्यात दुसऱ्या कुणाचा हात न्हाय."

"मग तुझाच दे की."

त्यांनी चाचांचा उजवा पंजा टेबलावर दाबला आणि मी केलेल्या त्याच ठोकळ्यानं ठेचला. बोटं मोडल्याचा आवाज यंत्राच्या खडखडाटातही ऐकू आला.

मी रक्त पुसताना चाचा हळूच म्हणाले, "निगेटिव्ह उलटी लागली व्हती, लेका. उद्या बघून लाव."

खरं सांगतो, तेव्हा मला आधी नोकरी वाचल्याचंच बरं वाटलं.

पुढं चाचा डाव्या हातानं चित्रं काढू लागले. रेघ थरथरायची. वाचकांना वाटलं, पैलवान म्हातारा झाला.