दोरीचा झोळ

अमरावतीच्या आमच्या इंजिनिअरिंग कॉलेजात केबलचे प्रयोग मी शिकवते. साहित्य म्हणजे दोन लोखंडी खांब, त्यांच्यामध्ये लांब जाड दोरी आणि एका टोकाला ताण मोजणारा काटा. झुलत्या पुलाची केबल कशी वागते, ते एवढ्यावर हाताला कळतं. पण विभागप्रमुखांना ती खोली कॉम्प्युटरसाठी हवी होती.

"मॅडम, हे सारं आता स्क्रीनवर दिसते. काहून जागा अडवून राहिल्या तुमी?"

हे सामान न्यायला भंगारवाला दुपारी येणार होता. मला राग आला आणि रडूही. प्रमुखांना म्हटलं, निदान शेवटचा तास बघून जा. ते आले आणि हाताची घडी घालून मागे उभे राहिले.

वजनांची पेटी आधीच बांधून ठेवलेली. शेंदूरजनाघाटच्या एका मुलीच्या डब्यात घरच्या बागेतलं संत्रं होतं. तेच पिशवीत घालून दोरीच्या मधोमध टांगलं आणि विचारलं, "ही दोरी कोण सरळ करून दाखवतं?"

वऱ्हाडात असं विचारल्यावर कोणी गप्प बसत नाही. आधी दोघं दुसरं टोक ओढायला लागले, मग चौघं. दोरी जसजशी वर यायची, तसतसा काटा पुढे पळायचा. एवढ्याशा संत्र्यासाठी केवढा ताण! तरी मध्ये झोळ होताच.

"सरका," म्हणत प्रमुख पुढे आले. मूळचे अकोल्याचे, हार मानतील तर शपथ. बाह्या सरसावून त्यांनी असं ओढलं, की ती मुलगी घाबरली. "सर, सोडा जराशी. नाही तं काटा मोडन!"

घंटा झाली. मुलं पांगली. संपलं सगळं, असं धरून मी स्टाफरूममध्ये जाऊन डबा उघडला. थोड्या वेळानं खाली भंगारवाल्याच्या टेम्पोचा हॉर्न वाजला, तशी मी प्रयोगशाळेकडे गेले.

आत प्रमुख एकटेच होते. टेबलावर संत्र्याची सालं पडलेली. दोरी ताणून, एक डोळा मिटून, ते तिच्या कडेनं बघत होते.

"संत्रं खाऊन टाकलं मी. तरी सरळ नाही होऊन राहिली. काहून?"

"दोरीलाही स्वतःचं वजन असतं, सर."

खाली पुन्हा हॉर्न वाजला. प्रमुखांनी दोरी न सोडताच मान वळवली.

"त्याले म्हणा, जाय. अन् मॅडम, तुमच्याजवळ साखळी हाये का? तिले ओढून पाहू."