किल्लीच्या आगगाडीची शिट्टी

शिवणयंत्राच्या तेलाचा वास अजून माझ्या बोटांना आहे. साबणानं धुतलं, राखेनं घासलं, तरी जात नाही. तो वास आला की टेबलावरची पत्र्याची आगगाडी दिसते, आणि मोठ्या हुशारीनं मी जे करून बसलो ते आठवून जीव चुटपुटतो.

गाडी जुनी, किल्लीची. आबा, म्हणजे आमचे वडील, कापसातली सरकी काढणाऱ्या जिनमध्ये कामाला होते. तिथल्या एका व्यापाऱ्यानं खुशीनं दिलेली. किल्ली दिली की चाकं फिरायची, चाकांबरोबर इंजिनाच्या पोटातला चिमुकला भाता हलायचा आणि शिट्टी वाजायची. कित्येक वर्षं ती मुकीच पडून होती. मला ती बोलती करायची होती आक्कासाठी. आक्का माझी थोरली बहीण, सोनगीरला दिलेली. तिची नजर आता जवळजवळ गेली आहे, आणि चैत्रात ती जळगावला माझ्याकडे यायची होती. जुन्या घरातलं तिला आता काही दाखवता येत नाही, निदान ऐकवावं तरी, एवढाच माझा हट्ट.

यंत्रातला दोष शोधणं म्हणजे घरात शिरलेला उंदीर शोधणं. एकेक खोली तपासून दार लावून घ्यायचं. कमान पाहिली, ती ठणठणीत. दात्यांतला मळ काढला, तेल दिलं. भात्याचं कातडं मात्र पापडासारखं तडकलं होतं. तबले मढवणाऱ्याकडून पातळ कातड्याचा तुकडा आणून तो नवा केला. "दुरुस्त करताय की खेळताय?" बायकोनं विचारलं. खरं तर दोन्ही चाललं होतं.

किल्ली दिली. शिट्टी वाजली, पण कशी? घूं... तोंड मिटून कुणी गुणगुणावं तशी. मी हिरमुसलो. माझ्या आठवणीतली शिट्टी खणखणीत होती. मी तेव्हा अगदी लहान, आणि पुढं दर वर्षी आठवणीनं तिचा आवाज थोडा थोडा वाढवलेला असणार. तेव्हा मात्र ते सुचलं नाही. शिट्टीच्या नळीत क्रोशाची सुई घातली आणि काळपट बोळा ओढून काढला. कचरा! तो तेलाच्या बशीत टाकला, पुन्हा किल्ली दिली, आणि शिट्टी अशी किंचाळली की गच्चीवरची कबुतरं उडाली. माझी छाती वीतभर फुगली.

आक्का आली. चहा होताच मी गाडी तिच्यासमोर सोडली. शिट्टी वाजली आणि तिचा चेहरा उतरला.

"हाई आपली नही रे भाऊ," ती म्हणाली. "आपली इतली वरडे नही. ती घुमे."

नळी साफ केल्याचं मी सांगितलं. बशीतला बोळा तिच्या तळहातावर ठेवला. ती दोन बोटांनी तो चाचपत राहिली. वर उलटं पिळलेलं टोक, खाली गोल फूल. आमची माय डावखुरी. तिच्या फुलवातीचा पीळ उलटा पडायचा.

"हाई ते मायनी वात शे," आक्का म्हणाली. "आबा दिवसना झोपेत ना."

कापसाच्या हंगामात आबांना रातपाळी असायची. घर एका खोलीचं. मायनं आमचा खेळ बंद केला नाही, आबांची झोपही मोडू दिली नाही. देवासाठी वळलेली एक वात शिट्टीत सारली आणि त्याबद्दल कधी अवाक्षर काढलं नाही. आम्हाला वाटायचं, गाडीचा आवाजच तसा. तोच आवाज परवा माझ्या हाताशी आला होता, आणि तो बिघाड समजून मी उपटून काढला. याचं मला फार वाईट वाटतं.

वात परत बसवायला गेलो तर तिचा चिमटीतच लगदा झाला. नवा कापूस घालून पाहिला. शिट्टी एक तर गप्प बसते नाही तर ओरडते. माझी धडपड आक्का ऐकत होती. शेवटी तिनं माझा हात धरला.

"राहू दे भाऊ. वाजू दे आते जोरमा. कोन झोपेल शे?"

आक्का सोनगीरला परत गेली. मी दुपारी कधीतरी गाडीला किल्ली देतो. आतल्या खोलीत कुणी निजलेलं नसतं. तरी गाडी सोडण्याआधी मी उठून ते दार ओढून घेतो.