काचेवरचं कुंकू

पोलीस खात्यात खून-दरोडे पुष्कळ पाहिले, पण निवृत्तीनंतर सारखी आठवते ती माजलगावातल्या एका बांधकामावरची साधी घटना.

रुग्णालयातून ठाण्यात खबर आली. फरशी कापताना कपची उडून मिस्त्रीच्या डोळ्यात गेली होती. डॉक्टर म्हणाले, नेटानं उपचार झाले तर डोळा वाचेल. मी जबाब घ्यायला बसलो, तर मिस्त्री पाठ केल्यासारखा म्हणाला, "ठेकेदारानं चष्मा दिल्ता. म्याच लावला न्हाई." चूक त्याची ठरली की ठेकेदार उपचाराच्या खर्चातून अंग काढून घेणार, हे उघड होतं. काम जाईल या भीतीनं तो स्वतःच्याच डोळ्यावर पाणी सोडत होता. मला त्याचा रागच आला.

दुसऱ्या दिवशी त्याच कामावर वाळू चाळणारी एक बाई ठाण्यात आली. नाव लिहू नका म्हणाली. चष्मे पेटीत कुलपात असतात, कुणाला घालू देत नाहीत, एवढं सांगून ती निघून गेली.

पंच घेऊन जागेवर गेलो. ठेकेदार गोडबोल्या. आधी चहा मागवला, मग पेटी उघडली. आत सहा चष्मे होते. रोज वापरतात, संध्याकाळी परत ठेवतो, असं त्यानं सांगितलं. मी एक चष्मा उन्हात धरला. दोन्ही काचांवर हळदकुंकवाची बोटं वाळून बसली होती. दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला थापी-ओळंब्यासोबत चष्मेही पुजले होते, आणि आता माघ चालू होता.

मी त्यालाच तो चष्मा घालायला लावला आणि विचारलं, "काय दिसतं?"

"लाल दिसतंय, साहेब."

"चार महिने मजुरांना पण लालच दिसत होतं का?"

त्यानं चष्मा उतरवला आणि मान खाली घातली. इंजिनीअर पाहणीला आले की तेवढ्यापुरते बाहेर मांडून ठेवायचो, म्हणाला. मग मिस्त्रीनंही खरा जबाब दिला. गुन्हा दाखल झाला, उपचारांचा खर्च ठेकेदारालाच करावा लागला आणि डोळा वाचला. त्या दिवशी मला फार बरं वाटलं.

ठेकेदारानं पूजा मात्र मनापासून केली होती. जपायची वस्तू वापरायची नाही, ही आपली जुनीच खोड. ज्यानं माणूस जपायचा तेच आपण जपून ठेवतो.

परवा तोच मिस्त्री माझ्या घरी फरशी बसवायला आला. डोळ्यांवर चष्मा लावून कामाला बसला. खुंटीवरच्या माझ्या हेल्मेटकडे त्याचं लक्ष गेलं.

"साहेब, दसऱ्याचं कुंकू अजून तसंच हाय की."

मी गुपचूप ओलं फडकं आणलं.