माय, इसरली काय मले?

अंजनगाव सुर्जीच्या दीपमालाचं बोलणं लहानपणापासून गोड. बापाच्या मळ्यातली विड्याची पानं बाजारात तीच खपवायची. दर विचारायला आलेलं गिऱ्हाईक बोलतच उभं राहायचं. तेच तोंड पुढं अमरावतीत कामाला आलं. घरपोच किराणा देणाऱ्या एका अ‍ॅपच्या कंपनीत ती लोकांच्या फोनवर जाणारी नोटिफिकेशनं लिहू लागली.

आधी तिथून ‘आपली खरेदी अपूर्ण आहे’ असलं काहीतरी जायचं. कोणी ढुंकून बघत नसे. दीपमालानं लिहिलं, ‘काहून व माय, इसरली काय मले?’ महिन्याभरात ऑर्डरी दुपटीवर गेल्या. साहेबानं, गजेंद्रनं, सगळ्यांसमोर टाळ्या वाजवल्या. ही हाक तिच्या मावसभावाची, मनोजची, हे तिनं कोणाला सांगितलं नाही. कामावरून आला की तो दारातूनच आईला असं ओरडायचा. परतवाड्याच्या रस्त्यावर ट्रकनं त्याला उडवलं, त्याला आता काही वर्षं झाली होती.

दिवाळीत ती त्याच्या आईकडे, पार्बता मावशीकडे गेली. एकट्या बाईच्या घरात बिस्किटं, साबण, चहापत्तीचे पुडे भिंतीला रचलेले. एकही फोडलेला नाही.

“एवढं काहून मागवलं व मावशी?”

“मन्या बोलावते,” मावशी फोन छातीशी धरून म्हणाली. “बटन दाबलं का मंग चूप रायते.”

मावशीचा मन्या म्हणजे आपलीच ओळ, हे दीपमालाला कळलं. खरं सांगायचं धाडस काही झालं नाही.

अमरावतीत येऊन तिनं गजेंद्रला सगळं सांगितलं; ती ओळ काढून टाका म्हणाली. त्यानं मन लावून ऐकलं.

“म्हणजे एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या बाया सगळ्यात जास्त दाबतात तर! त्यांच्यासाठी वेगळी लिही. अजून ओढ लागली पाहिजे.”

ती भांडली, रडली. आणि संध्याकाळी लिहून दिली: ‘माय, किती वाट पाहू? ये ना लवकर.’

दुसऱ्या दिवशी पार्बताबाई नवं लुगडं नेसून एसटी स्टँडवर जाऊन बसली. मनोज उतरायचा त्याच जागी. अन्नपाण्यावाचून बसली आणि दुपारी भोवळ येऊन पडली. शेजारच्या नत्थुजीनं तिला दवाखान्यात नेलं, दीपमालाला फोन केला. खाटेशेजारी बसून दीपमालानं शेवटी तोंड उघडलं.

“मावशी, मन्या नाही व तो. मी लिवतो ते. माही नोकरी हाये.”

मावशी खाटेवर उठून बसली.

“त्याची हाक तुनं इकली?”

“मावशी, आयक तं...”

“एकडाव ट्रकनं मारला त्याले. आता तुनं. जाय इथून.”

मावशी बरी होऊन घरी आली, पण दीपमालासाठी तिचं दार पुन्हा उघडलं नाही. संक्रांतीला ती तिळगूळ घेऊन गेली, तर आतून कडी लावल्याचा आवाज आला.

ती ओळ चालूच राहिली. कंपनीनं अकोल्यात नवं ऑफिस काढलं आणि दीपमालाला तिथली प्रमुख केलं. हाताखाली गावोगावच्या पोरी आल्या. पहिल्याच दिवशी तिनं त्यांना विचारलं, “घरी मायले हाक कशी मारता व तुमी?”

चंदा नावाची एक पोरगी लाजत लाजत सांगू लागली. दीपमालानं खुर्ची तिच्याजवळ ओढली.